रांजणातली लोकसभा

गेल्या माघात आम्ही घरातली लोकशाही एका रांजणात शिजायला ठेवली होती. ती कच्ची राहिली.

अर्णव, ईशा, तुम्ही दोघं फोनवर सारखं विचारता, "आजी, त्या पोपटीचं पुढे काय झालं?" आणि मी दर वेळी "आवाज तुटतोय रे" म्हणून फोन ठेवून देते. आवाज उत्तम येतो. पण काही गोष्टी फोनवर सांगण्यासारख्या नसतात, विशेषतः शेजारी तुमचे आजोबा बसून हसत असतील तर! म्हणून लिहून पाठवते आहे.

आधी पोपटी म्हणजे काय ते सांगते, कारण तिकडे बर्फात राहून तुम्ही विसरला असाल. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, खडे मीठ, ओवा असं सगळं दाबून भरायचं, पाल्यानेच तोंड बंद करायचं आणि मडकं शेतात उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. आमच्या घरात ही कला एकाच माणसाच्या हातात: माझे धाकटे दीर, तुमचे वसंतआजोबा. मडक्यात काय जाणार, किती जाणार, कधी उघडणार, सगळं तेच ठरवत. चाळीसेक वर्षं कोणी हूं की चूं केलं नव्हतं.

आणि या वर्षी पोपटीवर तुमच्या मुग्धाताईचं लग्न अडलं होतं.

मुग्धा आणि निलेश नवी मुंबईत एकाच ऑफिसात. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, आम्हालाही मुलगा आवडलेला. अडत होतं ते माणगावला, तिथे दुकान चालवणाऱ्या निलेशच्या आईपाशी. त्या हो म्हणत नव्हत्या, नाही म्हणत नव्हत्या. "बघू" म्हणत होत्या. (मराठीत "बघू"चे पुष्कळ अर्थ आहेत. त्यातला एकही "हो" नाही.) कारण विचारलं तर सांगत नव्हत्या. मुग्धा इतकी वाळली की तिच्या आईने, तुमच्या सुनंदाकाकूने, तिचे ड्रेस आत घ्यायला टाकले.

"त्यांना पोपटीला बोलवू," सुनंदा म्हणाली. "एकदा घर बघतील, माणसं बघतील."

मी विचार केला. मुलाच्या आईला शंका कसली असणार? हीच, की हे लोक जुन्या वळणाचे असतील! एक म्हातारा हुकूम सोडतो आणि बाकीचे माना डोलावतात, असं घर! आणि पोपटीला नेमकं तेच दिसणार होतं.

त्याच सुमारास टीव्हीवर रोज रात्री चर्चा चालायची की लोकसभेच्या जागा वाढवाव्यात का, आणि वाढवल्या तर निवडणुकीची पद्धतही बदलावी का. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकला आणि बाकीचे घरी, असं न करता ज्याला जितकी मतं त्याला तितक्या प्रमाणात जागा. मी जन्मभर मुंबईच्या इंग्रजी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. असा विषय निघाला की माझ्या हातांना आपोआप खडू लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत मी जाहीर केलं, "यंदा पोपटीत काय घालायचं ते भावोजी एकटे ठरवणार नाहीत. सभागृह मोठं करायचं. प्रत्येकाला मत. आणि ज्या पदार्थाला जितकी मतं, मडक्यात त्याला तितकी जागा!"

भावोजींनी सुपारी कातरायची थांबवली. "वहिनी, मडकं हाय ते. मैदान न्हाय."

"म्हणूनच प्रमाण हवं."

"प्रमाण माझ्या हातात हाय."

"तेच तर! तुमच्या एकट्याच्या हातात का?"

"कारण हात माझेच भाजतात!"

तुमच्या आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "वसंताचं बरोबर आहे." मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "हिचंही बरोबर आहे."

अशा रीतीने ठराव मंजूर झाला.

मतदार कोण? मी, आजोबा, भावोजी, सुनंदा, मुग्धा. (मुग्धाचे बाबा, शेखरकाका, बोटीवर, संपर्काच्या बाहेर, सुखी.) एवढ्यात कुंपणावरून शेजारच्या हमीदाभाभी म्हणाल्या, "बाई, मी दर साली पाला आणून देते, मला मत न्हाय?" मुद्दा रास्त होता. त्यांना जागा दिली. मग मला वाटलं, परदेशातल्या नागरिकांचं काय? म्हणून तुम्हा दोघांना फोन लावला. आठवतंय ना? की सोयीने विसरलात?

मतमोजणी मीच केली. भावोजी: कोंबडी. आजोबा: अंडी. सुनंदा: रताळी, कारण तिचा तो महिना शाकाहाराचा. हमीदाभाभी: कोळंबी. मी: शेंगा आणि बटाटे, परंपरेचा मान म्हणून. मुग्धाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "काहीही घाला, पण माझं लग्न होऊ द्या." ते मत बाद करावं लागलं. आणि तुम्ही दोघांनी तिकडून एका सुरात ओरडून सांगितलंत, "मार्शमेलो!"

बाळांनो, सगळ्यांना एकेक मत आणि मार्शमेलोला दोन. सभागृहातला सर्वांत मोठा पक्ष मार्शमेलो!

"ह्ये काय आसतं?" भावोजींनी विचारलं.

"साखरेचा कापूस असतो ना, त्याची उशी," मुग्धा म्हणाली.

"उशी? पोपटीत?"

मी मात्र डगमगले नाही. "बघा, जुनी पद्धत असती तर जास्त मतवाला जिंकला म्हणून अख्खं मडकं मार्शमेलोचं झालं असतं! आपल्या पद्धतीमुळे त्याला फक्त त्याचा वाटा मिळतोय."

"जुनी पद्धत म्हंजे मी," भावोजी म्हणाले. "माझ्या राज्यात उश्या नव्हत्या."

आता खरी अडचण आली. कोंबडीच्या वाट्याला मडक्याचा सातवा हिस्सा. त्यात एक तंगडी मावत होती. भावोजी म्हणाले, अख्खी कोंबडी जाणार नसेल तर मी सभात्याग करतो. आणि ते खरोखर उठून नारळीच्या वाडीत जाऊन बसले. हमीदाभाभी म्हणाल्या, कोळंबी मुठीएवढी घालायची तर पाहुण्यांना काय वास द्यायचा? कोणाचीही जागा कमी न करता सगळ्यांना समाधानी ठेवायचं तर उपाय एकच, जो दिल्लीत सुचतो तोच: सभागृह आणखी वाढवायचं!

"मागच्या दारी रांजण आहे," आजोबा म्हणाले.

आयुष्यात त्यांनी दिलेली ही एकमेव ठोस सूचना. आणि मी ती स्वीकारली.

रांजण म्हणजे केवढा, तर ईशा लहानपणी लपाछपीत त्यात बसायची. मी धुऊन पुसून घेतला आणि बाहेरून खडूने पट्टे आखले. इथपर्यंत शेंगा, इथपर्यंत अंडी, इथपर्यंत कोंबडी. इतकं नीटनेटकं काम त्या रांजणाने जन्मात बघितलं नसेल. आजोबा अलिबागला जाऊन मार्शमेलो घेऊन आले. (आता मुंबईकरांचे बंगले झाल्यापासून तिथे सगळं मिळतं.) गुलाबी आणि पांढरे, दोन्ही, कारण कोणते आणायचे ते सभागृहाने ठरवलं नव्हतं.

शनिवारी उन्हं उतरताना निलेश आईला घेऊन आला. शालिनीताई सडसडीत, शांत, हातात पेढ्यांचा पुडा. मला वाकून नमस्कार केला आणि चटकन दोन पावलं मागे सरकल्या. मला ते जरा चमत्कारिक वाटलं.

"या, या!" मी म्हटलं. "आमच्याकडे सगळं सगळ्यांच्या विचाराने चालतं हं!"

"हो का?" त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातल्या खडूकडे बघत राहिल्या.

शेतात रांजण भरायला सुरुवात झाली. भावोजी, कोंबडी अख्खी जाणार या अटीवर, नारळीतून परत आले होते, पण बाहेरून पाठिंबा देत होते. म्हणजे बांधावर बसून सूचना करत होते.

"पाला कमी पडतोय!"

"भावोजी, मग थोडा आणा ना."

"मी सरकारात न्हाय."

रांजणाला पुरेल इतका भांबुर्डीचा पाला हमीदाभाभींच्या अख्ख्या कुंपणात नव्हता. तोंडाशी केळीची पानं कोंबली. आता उलटा करायचा. एकीकडे निलेश, एकीकडे आजोबा, मध्ये सुनंदा.

"माझ्याकडे कलवा!"

"नाही, माझ्याकडे!"

"आई, सांगा ना कुणाकडे?" सुनंदाने मला विचारलं.

मी म्हटलं, "मत घेऊ या."

मत घ्यायला वेळ मिळाला नाही. रांजण स्वतःच्याच मताने कलला, केळीची पानं सुटली, आणि वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी असा सगळा विरोधी पक्ष घरंगळत शालिनीताईंच्या पायांशी गेला. त्या घाईने साडी सावरून बाजूला झाल्या. मुग्धाने डोळे मिटले. आम्ही सगळ्यांनी मिळून सगळं परत आत कोंबलं. कोणाचा पट्टा कुठला, ते आता विचारायची सोय नव्हती.

जाळ पेटला. आता किती वेळ ठेवायचं? भावोजी मडक्यावर पाणी शिंपडून नुसत्या आवाजावरून सांगत, पण ते सरकारात नव्हते. निलेश म्हणाला, अर्धा तास. सुनंदा म्हणाली, रांजण जाड आहे, दुप्पट ठेवा. हमीदाभाभी म्हणाल्या, कोळंबी कवाच शिजली असेल, काढा. पुन्हा मतदान. तुमच्या आजोबांनी दोन्ही बाजूंना हात वर केला. मी म्हटलं, "अहो, एकच मत!" ते म्हणाले, "दोघांचंही पटतंय गं." मुग्धा हळूच म्हणाली, "आजी, प्लीज, कोणीतरी एकाने ठरवा!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. धुरामुळे, असं मी पाहुण्यांना सांगितलं.

शेवटी मधला काळ साधून रांजण उघडला.

काय सांगू! काठाशी होतं ते जळून कोळसा, मध्ये होतं ते जसंच्या तसं. कोंबडी नुसती कोमट झाली होती. आणि मार्शमेलो, तो तुमचा सर्वांत मोठा पक्ष, वितळून सर्वत्र पसरला होता! कोळंबी रताळ्याला चिकटलेली, शेंगांना गुलाबी तारा सुटलेल्या. एक अंडं उचललं तर मागोमाग सहा बटाटे वर आले. प्रमाणाबाहेर कोणीच नव्हतं, कारण वेगळं कोणी राहिलंच नव्हतं!

शालिनीताईंनी हातातल्या पानाकडे बघितलं. मग शांतपणे विचारलं, "हे कोणी केलं?"

भावोजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "मी नाही, सभागृहाने." सुनंदा म्हणाली, "माझी तर फक्त रताळी होती." हमीदाभाभी म्हणाल्या, "उश्या माझ्या न्हाईत हां!" आजोबांनी आधी भावोजींकडे हात केला, मग माझ्याकडे, मग विचार करून स्वतःकडे. मुग्धा उठून आंब्याखाली गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. संपलं, मला वाटलं. माझ्या नातीचं लग्न मी मोडलं, तेही राज्यशास्त्राने.

शालिनीताईंनी एका अंड्यावरचा गुलाबी थर नखाने सोलला. एक घास घेतला.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. "पण शिजलंय."

त्यांनी पान खाली ठेवलं.

"एक विचारू का? राग मानू नका." त्या माझ्याकडे न बघता सगळ्यांकडे बघत होत्या. "या घरात आजींचं कोणी ऐकतं का?"

जाळ तडतडत होता.

"तसं... न्हाय," भावोजी म्हणाले.

"ऐकून घेतो आम्ही," सुनंदा म्हणाली. "पण म्हणजे..."

"बाई बोलतात बिचाऱ्या," हमीदाभाभी म्हणाल्या.

"कोणीच नाही ऐकत," तुमचे आजोबा म्हणाले, एकदाच, ठामपणे, कोणाकडेही न बघता.

संपूर्ण कारकिर्दीत एकमताने मंजूर झालेला हा पहिला ठराव!

आणि शालिनीताई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "देवा! आणि मी महिनाभर झोपले नाही हो! मला कोणीतरी सांगितलं होतं, मुलीची आजी शाळेतली बाई आहे, इंग्रजी बोलते, तिच्या शब्दाशिवाय त्या घरात पान हलत नाही. म्हटलं, मुलगी सोन्यासारखी आहे, पण उद्या ही आजी आमच्याकडे येऊन आमच्या दुकानाला पण शिस्त लावेल! म्हणून बघू, बघू करत होते."

"मग आता?" निलेशने विचारलं.

"आता काय! अरे, पानं सोड, त्यांचं तर बटाटापण ऐकत नाही!"

मुग्धा आंब्याखालून धावत आली आणि पहिली मिठी त्यांना मारली. मला दुसरी. (प्रमाणात बरोबर होतं.) मग शालिनीताईंनी पदर खोचला, कोणालाही न विचारता कोंबडी उचलली, आमच्या स्वयंपाकघरात जाऊन रस्सा टाकला, हमीदाभाभींकडून भाकऱ्या मागवल्या, भावोजींना कांदा चिरायला बसवलं. भावोजी निमूट बसले! सगळे पोटभर जेवले. मार्शमेलो कुत्र्यानेसुद्धा खाल्ला नाही.

तर लग्न वैशाखात आहे. तुम्ही यायचंच. हॉल, जेवण, साड्या सगळं शालिनीताई आणि सुनंदा मिळून ठरवतात, आणि झटपट ठरतं, हे मला कबूल करायला हवं. माझा मान मात्र पूर्ण राखला आहे. पत्रिकेवर माझं नाव सर्वांत वर आहे, सोनेरी अक्षरांत, आजोबांच्याही आधी.

परवाच मला पत्रिका मिळाली. टपालाने.