साडूभाऊ आणि छापील बंदूक

मुंबईत आजवर ज्या गोळ्या सुटल्याच नाहीत, त्यांतल्या निदान निम्म्यांचं श्रेय माझ्या थोरल्या साडूभाऊंकडे जातं, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. राहणार मुलुंड पूर्व. सरकारी कचेरीत शस्त्रपरवान्यांच्या टेबलावर त्यांनी चौतीस वर्षं काढली आणि त्या चौतीस वर्षांत बंदुकीला एकदाही बोट लावलं नाही. एका अर्जदाराने नंबर तपासायला म्हणून आपली बंदूक टेबलावर ठेवली, तेव्हा साडूभाऊंनी तो नंबर शिपायाच्या पाठीमागे उभं राहून वाचला आणि मग अर्धी रजा टाकून घरी आले. बंदुकीची भीती वाटणारा माणूस सरकारने नेमका त्याच टेबलावर बसवला, हे सरकारच्या हातून नकळत झालेलं एक चांगलं काम म्हणायला हवं.

अर्ज अडवण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मी पाहिला नाही. बाकीचे लोक अडवतात ते पुढे सोडण्यासाठी. साडूभाऊ निव्वळ अडवण्यासाठी अडवत आणि अर्जदाराच्या चहालाही शिवत नसत. हा स्वभाव त्यांनी कचेरीत ठेवून यावा, तर तेही नाही. घरी मेहुणीबाई अजून भाजी विळीवर चिरतात, कारण विळी जागची हलत नाही आणि सुरी कोणाच्याही हातात जाऊ शकते, असा साडूभाऊंचा सिद्धान्त आहे. माझी मुलगी लहान असताना तिने दिवाळीत त्यांच्याकडे टिकल्यांचं पिस्तूल मागितलं. साडूभाऊंनी तिच्यापुढे कागद ठेवला आणि कारण लिहायला सांगितलं. तिने लिहिलं, ‘आवाज काढण्यासाठी.’ कारण पुरेसं नाही म्हणून अर्ज परत. मग वर्गशिक्षिकेच्या सहीचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागितला. तो येईपर्यंत तुळशीचं लग्न लागून गेलं होतं आणि पोरगी चित्रकलेच्या नादाला लागली होती.

अशा माणसाचं निवृत्तीनंतरचं आयुष्य सुखात चाललं असताना एका दुपारी टीव्हीवरच्या चर्चेने त्यांची झोप उडवली. सहा चौकटींतली सहा माणसं एकाच वेळी ओरडत होती. विषय होता, परदेशात लोक घरच्या घरी मशीनवर बंदुका छापतात, तर कायदा आणखी कडक करावा की नाही. चर्चा संपायच्या आत साडूभाऊंचा मला फोन. “अरे, घरी छापतात म्हणे! अर्ज नाही, चौकशी नाही, फोटोसुद्धा नाही!” फोटो नसल्याचं दुःख त्यांना जास्त झालं असावं. त्या आठवड्यात त्यांनी संपादकांना चार पत्रं लिहिली आणि देशातल्या प्रत्येक थ्रीडी प्रिंटरला परवाना लागावा म्हणून अकरा पानी नमुना अर्ज स्वतःच तयार केला. त्यात एक रकाना असा होता : ‘घरात कोणी संतापी व्यक्ती आहे काय? असल्यास नाते लिहावे.’ मेहुणीबाई म्हणाल्या, “आमच्या घरापुरता हा अर्ज नामंजूरच समजा.”

आता दैवयोग असा, की त्यांच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक तरुण दंतवैद्य राहते आणि तिच्याकडे असला प्रिंटर आहे. कवळ्या बसवण्याआधी ती पेशंटच्या दातांचे नमुने त्यावर छापते. हे कळल्यापासून साडूभाऊ रोज संध्याकाळी पाचला तिच्या दारात हजर. “काय छापताय?”

“दाढ आहे, काका.”

“पूर्ण होईपर्यंत बसतो.”

“बसा ना यार काका, पण तीन तास लागतील. चहा टाकू का?”

चहा नको म्हणून, छत्रीवर हनुवटी टेकून, ती दाढ निःसंशय दाढ होईपर्यंत ते बसून राहत आणि मग वहीत नोंद करत, ‘दाढ, खालची, एक.’ मुलगी मोठी गोड. तिने एकदाही त्यांना दारातून परत पाठवलं नाही.

मात्र सोसायटीच्या गणपतीत वादविवाद ठरला तेव्हा तीच त्यांच्या समोर उभी राहिली. विषय अर्थात साडूभाऊंनीच सुचवलेला : ‘घरी छापलेली हत्यारे आणि कडक कायदा.’ स्पर्धेचे नियमही त्यांनीच लिहिलेले. प्रत्येकाला पाच मिनिटं, दुसरी घंटा झाली की वाक्य जिथे असेल तिथे थांबायचं. ती आधी बोलली, आणि झकास बोलली. “कडक कायद्याने अडतो कोण? सरळ माणूस. ज्याला खरंच कोणाला मारायचंय, तो नेटवरून फाईल उतरवून घेईल आणि गप्प छापेल. तो काकांच्या कचेरीच्या खिडकीवर येणारच नाही. मग सॉरी काका, पण तुम्ही इतकी वर्षं अडवलंत कोणाला? जे विचारायला आले त्यांनाच ना?” मंडपात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, ते मी आजवर घरात कोणाला सांगितलेलं नाही.

साडूभाऊ उठले. पहिली चार मिनिटं त्यांनी अर्जांच्या नमुन्यांवर घालवली. लोक आपापसांत बोलू लागले. पहिली घंटा झाली. मग त्यांनी हातातला कागद खाली ठेवला आणि वेगळ्याच आवाजात म्हणाले, “एकदा माझ्या खिडकीवर एक माणूस आला होता. त्याचा सख्ख्या भावाशी...” दुसरी घंटा झाली. साडूभाऊ तिथेच थांबले आणि खुर्चीवर जाऊन बसले. “बोला ना काका, सांगा पुढे!” ती दंतवैद्य मुलगीच ओरडली. अध्यक्षही बोला म्हणाले. साडूभाऊंनी मान हलवली. “वेळ संपली. नियम आहे.” बक्षीस अर्थातच तिला मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरतीची फुलं आणायला मी त्यांच्याबरोबर स्टेशनाकडे गेलो. फुलवाल्याने शिळा झेंडू बांधून दिला आणि त्यांनी तो न तपासता घेतला, तेव्हा मला खरीच काळजी वाटली. काल काय सांगणार होतात, असं मी विचारलं.

“अरे, जमिनीवरून भावाशी वैर होतं त्याचं. अर्जात लिहिलेलं स्वसंरक्षणासाठी, पण सही करताना पेनाची निब मोडली त्याने. कागद सगळे चोख. चौकशीचा अहवालही चांगला. मी रहिवासाचा दाखला मागितला. तो आणला, तर जुना आहे म्हटलं. मग फोटोत कान दिसत नाही म्हटलं. दोन वर्षं फिरवला. मग एक दिवस यायचाच बंद झाला.”

“आणि मग?”

“गेल्या वर्षी भांडुपला एका लग्नात जेवायला बसलो, तर समोर तोच. मला ओळखलं नाही त्याने. सांगत होता, परवान्यासाठी एका नालायक कारकुनाने कसं छळलं ते. शेजारी बसलेला त्याच्याहून मोठ्याने मला शिव्या घालत होता. तो त्याचा भाऊ.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? म्हटलं, असतातच असले कारकून.” ते हसले, आणि मग झेंडूचा पुडा उघडून शिळी फुलं एकेक वेगळी काढू लागले. “ती पोरगी चुकीचं नाही बोलली. विचारायला आले त्यांनाच मी अडवलं. पण राग डोक्यात असताना माणूस आला, तर खिडकीवर थोडा वेळ मोडायचा रे त्याचा. आता खिडकीच नको. मशीन संध्याकाळपर्यंत बंदूक हातात देणार. फोटोत कान दिसत नाही म्हणायला तिथे कोण बसलंय?” मग हळूच विचारलं, “वाया गेलं का रे सगळं?”

इतकी वर्षं मी या माणसाची टिंगल करत आलो, आणि त्या क्षणी मला त्या टिंगलीची मनापासून लाज वाटली. मी विचारलं, “दोघे भाऊ शेजारी शेजारी जेवत होते?”

“शेजारी शेजारी,” साडूभाऊ म्हणाले. “धाकट्याने थोरल्याच्या पानात जिलबी वाढली, आणि पुन्हा दोघांनी मिळून मला शिव्या घातल्या.”