उस्मानपाशी थांब

उस्मान लोहार गेल्याची बातमी घेऊन त्याचा थोरला मुलगा युसूफ सकाळीच आला, तेव्हा मी ओट्यावर चहा घेत बसलो होतो. "अब्बा गेले, वकीलसाहेब," एवढेच तो म्हणाला आणि पायरी न चढता खालीच उभा राहिला. दुपारी जनाजा निघाला. कापसाचे दिवस, सरकी काढायच्या जिनाकडे जाणाऱ्या गाड्यांची रस्त्यात रांग लागलेली. माझ्या घरापाशी रस्ता इतका चिंचोळा, की उभ्या गाड्या आणि माझा ओटा यांमधून खांदेकऱ्यांना वाट मिळेना. शेवटी एका बाजूच्या दोघांना ओट्यावर चढून चालावे लागले. त्या दोघांत एक मी होतो. मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "तिरपं होऊन राह्यलं, सांभाळा..." माझ्याच ओट्याने माझ्या मित्राला शेवटच्या वाटेवर तिरपे केले. याला आता दीड महिना होत आला.

गावाचे नाव मुद्दामच लिहीत नाही. बुलढाणे जिल्ह्यात जिनांची गावे आहेत तरी किती, ओळखणारे ओळखतील. स्टेशनापासून कापसाच्या बाजारापर्यंतचा हा आमचा मोठा रस्ता. वडील सांगत, त्यांच्या लहानपणी इथे मोकळी गाडवाट होती आणि अमडापूर-लोणारकडच्या गाड्या शेजारी शेजारी धावत येत. पुढे रेल्वे आली, जिन आले, दुकाने आली. मग पावसाळ्याआधी चिखल नको म्हणून एक पायरी, दिवाळीला त्या पायरीचा ओटा, पुढल्या साली ओट्यावर पत्रे आणि पत्र्यांखाली गादी-तक्के. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण आमच्या पेठेने जातपात न बघता खरी करून दाखवली. त्यातला सर्वांत मोठा, काळ्या दगडाचा ओटा आमचा.

उस्मानचे घराणे मूळ रोहिणखेडचे. प्राथमिक शाळेत आम्ही एका पट्टीवर बसलो. मी वकील झाल्यावर चार लोकांत तो मला वकीलसाहेब म्हणे, एकटे असलो की पुन्हा 'काऊन बे'. गाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवावी तर त्यानेच. दुकानापुढे गोवऱ्यांचे रिंगण पेटवून तो धाव लाल करी, चाकावर बसवून वर पाणी ओती आणि वाफेने अर्धा रस्ता झाकून जाई. दुकानापुढची ती जागा हेच त्याचे निम्मे दुकान होते.

पुढे मोटारलाऱ्या आल्या आणि रस्ता पुरेना. आमच्या म्युनिसिपल कमेटीने ठराव केला, सर्वांनी पाच पाच हात मागे सरावे. मी कमेटीत होतो, भाषणही मीच ठोकले. पण पहिला कोण सरणार, इथे घोडे पेंड खात होते. व्यापाऱ्यांना सांगायला जावे तर ते कोर्टात जाणार. मग मी उस्मानला गाठले. आज कबूल करतो, त्याला नाही म्हणता येणार नाही, म्हणूनच मी त्याला निवडले.

"मी सरतो. पन माह्या मांगून कोनी सरन का?" त्याने विचारले.

"तुह्या मांगून पहिला माहा ओटा," मी म्हणालो.

"जबान?"

"हाव, जबान."

तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्याच घणाने स्वतःची भिंत पाडली. मजूरसुद्धा लावला नाही. इकडे व्यापाऱ्यांचे अर्ज अमरावतीला गेले, तिथून नागपूरला गेले आणि ठराव बासनात पडला. त्या दिवशी मला हायसे वाटले. ओटा वाचला म्हणून हायसे वाटले. ठराव गेला तरी जबान गेली नव्हती. पण माझ्यातल्या वकिलाने मला पटवून दिले, की ठरावच उरला नाही तर शब्द कसला!

उस्मानची जागा रस्त्यात गेली ती गेलीच. रिंगण पेटवायला ठाव उरला नाही. गिऱ्हाइके दुसऱ्या लोहाराकडे वळली आणि तो विळे-खुरपी घडवू लागला. सबंध रस्त्यात दोन गाड्या एकमेकींना जाऊ देतात ती तेवढी एकच जागा. ज्यांनी त्याला कधी पाहिले नाही असे गाडीवानही ओरडतात, "उस्मानपाशी थांब बे, मोटार येऊन राह्यली!"

दर जुम्म्याला नमाजानंतर तो माझ्या ओट्यावर येऊन बसे, खांबाला पाठ लावून. एकदा धीर करून मी ओट्याचा विषय काढला. तो हसला. म्हणाला, "राहू दे बे. तुहा ओटा हाये म्हनून मले बसाले जागा तं हाये." मीही हसलो... त्या हसण्याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

आठ दिवसांपूर्वी मी ओटा तोडायला बेलदाराला बोलावले. किती मागे घ्यायचे, त्याने विचारले. मी सांगितले, उस्मानच्या दुकानापाशी जा. जुन्या पायाचे दगड रस्त्यात अजून दिसतात, तिथून नव्या भिंतीपर्यंतचे माप आण. तो सुतळीला गाठ मारून आला. कमेटीने पाच हात सांगितले होते, ते माप सात हात भरले. दोन हात त्याने आपल्या मनाने सोडले होते आणि इतक्या वर्षांत मला एका शब्दाने सांगितले नव्हते. बेलदाराने ओट्याच्या कडेपासून सुतळी ताणली. ती ओटा ओलांडून उंबरठ्याच्या आत, माझ्या बैठकीत आली.

"आतलं बी तोडाचं का, साहेब?"

मी त्याला उद्या ये म्हणालो. तो दुसऱ्या दिवशी आला, तेव्हाही उद्याच ये म्हणालो. सुतळी ओट्यावर पडून आहे, खांबाशी, उस्मान बसायचा तिथे.