सहा घोड्यांचा खेळ

श्यामसुंदर मुजुमदार कलकत्त्याजवळ बजबजच्या एका तेलाच्या डेपोत नकाशे काढायचे. आडनावामुळे कचेरीत सगळे त्यांना बंगालीच समजत. बावीस वर्षं कलकत्त्यात काढल्यावर त्यांचं बांगलाही इतकं सफाईदार झालं होतं की गैरसमज दूर करायची वेळ क्वचितच येई. मूळचे ते साताऱ्याचे. बायको, नलिनी, सेहेचाळीस साली विषमज्वराने गेली. मूलबाळ नव्हतं. भवानीपूरच्या दोन खोल्यांत ते एकटे राहिले. नलिनी होती तोवर तिच्यामागून मराठी मंडळात जात. नंतर तेही सुटलं, कारण तिथे जो तो आधी तिच्याबद्दल बोलायचा आणि मग बोलणंच खुंटायचं.

सत्तेचाळीसच्या डिसेंबरात पार्क सर्कस भागातल्या मैदानावर सांगलीकडची एक सर्कस उतरली. चंद्रहास सर्कस. श्यामसुंदरराव रविवारचा वेळ जात नव्हता म्हणून तीनच्या खेळाला जाऊन बसले. झोपाळ्यावरची माणसं झाली, वाघ झाला, आणि मग रिंगणात सहा पांढऱ्या घोड्या आल्या. त्यांच्यामागून एक वाकलेला म्हातारा आला. हातात चाबूक नव्हता. बँड थांबला.

"चला बायांनो," म्हातारा म्हणाला. "हळू. घाई नाही आपल्याला."

सहाही जणी गोल धावू लागल्या. "राणी, फीर गं," म्हटलं की पुढची उलटी वळायची आणि मागच्या पाचही वळायच्या. साऱ्या तंबूत फक्त टापा ऐकू येत होत्या आणि हे मराठी. श्यामसुंदररावांनी कितीतरी महिन्यांत कुणाला इतक्या मायेनं बोलताना ऐकलं नव्हतं. खेळ संपल्यावर ते तंबूच्या मागे गेले आणि म्हाताऱ्याला म्हणाले, "मी मराठी आहे." एवढंच बोलता आलं. म्हाताऱ्याचं नाव भालचंद्र, सर्कशीतले सगळे मामाच म्हणत. त्याने त्यांना खाटेवर बसवून पिठलं-भाकरी वाढली.

तेव्हापासून दर हिवाळ्यात सर्कस असेतोवर एकही रविवार त्यांनी चुकवला नाही. जागाही ठरलेली, गॅलरीत वरून तिसरी ओळ, जिथून सहाही घोड्या एकदम दिसत. कचेरीतल्या लोकांना ते सांगत, "शांतपणा बघा त्यातला. असं दुसरीकडे नाही." लोक हसून मान डोलवत. बरोबर कुणी आलं नाही.

बावन्न साली सर्कस आली तेव्हा सर्कशीचे जुने मालक वारले होते आणि मुलगा जयप्रकाश कारभार बघत होता. तंबूत कर्णे लागले होते. खेळभर सिनेमाची गाणी वाजत होती. विदूषक बायकांवरून विनोद करत होते आणि पुढच्या खुर्च्यांतले लोक शिट्ट्या मारत होते. घोड्या चारच. गाण्याच्या आवाजात भालचंद्रमामांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही पोचत नव्हता. घोड्यांनाही पोचत नसावा. दोनदा त्या एकमेकींवर आदळल्या.

श्यामसुंदररावांनी घरी येऊन मालकाला तीन पानी पत्र लिहिलं. मराठीत लिहायची सवय मोडली होती, चार ठिकाणी खाडाखोड झाली. गाणी का नकोत, चार घोड्यांत वर्तुळ का पुरं होत नाही, सगळं समजावून लिहिलं. सर्कस जायच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. आभार मानले होते, आणि पुढच्या वर्षीसाठी खुर्चीचा पास जोडला होता. पासावर लिहिलं होतं: दोन व्यक्ती. सहकुटुंब यावे.

तो पास त्यांनी वर्षभर कपाटात ठेवला. त्रेपन्नच्या डिसेंबरात तो घेऊन गेले आणि पहिल्यांदाच पुढे खुर्चीवर बसले. शेजारची खुर्ची रिकामी राहिली; तिच्यावर त्यांनी मफलर ठेवला. तंबू अर्धाही भरला नव्हता. घोड्या दोन आल्या, डोक्यावर रंगीत पिसं बांधलेल्या. चकचकीत कोट घातलेल्या एका तरुणाने चाबूक फडकावला, त्या दोन फेऱ्या धावल्या आणि गाणं संपायच्या आत बाहेर गेल्या. भालचंद्रमामा दिसलेच नाहीत.

श्यामसुंदरराव उठले. खेळ अर्धवट टाकून ते आजवर कधी उठले नव्हते.

मामा तंबूमागे भटारखान्यात कोबी चिरत बसले होते.

"खेळ संपला?" त्यांनी विचारलं.

"नाही. बाकीच्या कुठे गेल्या?"

"तिघी विकल्या, बरेलीकडे. राणी मेली. इथे उभी राहिली नाही हे बघायला, बरंच झालं."

"तुम्ही मालकांना सांगत का नाही?"

"सांगितलं. म्हणून तर कोबी चिरतोय." मग विळी बाजूला सरकवून ते म्हणाले, "पोराची तरी काय चूक म्हणा. सिनेमात जे दिसतं ते आम्ही कुठून आणायचं? तुम्ही एकटेच येता हो, साहेब. तुमच्यासारखे शंभर आले असते तर गोष्ट वेगळी होती."

"रविवारी जेवायला या माझ्याकडे."

"शुक्रवारी निघालो मी गावी. आता परत नाही यायचा."

शुक्रवारी रजा टाकून श्यामसुंदरराव हावड्याला गेले. मामा तिसऱ्या वर्गाच्या खिडकीत बसले होते. घोड्यांचा विषय दोघांनीही काढला नाही. "पुलावर गर्दी होती का?" मामांनी विचारलं. "होती," श्यामसुंदरराव म्हणाले. गाडी सुटल्यावर ते तो पूल चालत ओलांडून आले.

पुढच्या वर्षीही सर्कस आली. ट्राममधून त्यांना भिंतीवरचे जाहिरातीचे कागद दिसले. रविवारी दुपारी नेहमीच्या वेळी त्यांनी कपडे केले, खाली उतरून थांब्यावर उभे राहिले, पार्क सर्कसच्या बाजूच्या दोन ट्रामी सोडल्या आणि तिसऱ्या, एस्प्लनेडच्या ट्राममध्ये बसले. तिथे गर्दीतून तासभर नुसते चालले. एका फेरीवाल्याकडून चार संत्री घेतली. भाव करताना फेरीवाल्याने विचारलं, "दादा, घर कुठं तुमचं?" ते बांगलात म्हणाले, "इथलाच मी," आणि ऊन उतरायच्या आत भवानीपूरला परत आले.