आईचा अंगठा

कर्जत तालुक्यातल्या गावात आईच्या एकटीच्या नावावर दोन तुकडे होते, तिच्या वडिलांनी दिलेले. एक माळाचा, चार एकर. दुसरा विहिरीजवळचा, एकच एकर. आईचे गुडघे गेले, तेव्हा माळ विकायचं ठरलं. मी नाशिकला नोकरीला. कचेरीत दर वेळी आईला कशाला न्यायचं, म्हणून माझ्या नावे मुखत्यारपत्र करायचं मीच सुचवलं. मोबाईलवर नमुना सापडला, तोच छापून घेतला.

निबंधक कार्यालयाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये एक दस्तलेखक बाई बसायच्या. पन्नाशीच्या असतील. त्यांनी कागद वाचला आणि माझ्याऐवजी आईकडे पाहिलं.

"आजी, हा कागद कशाचा?"

"माळ इकायचा हाय. मला सारखं यायला लागू नये म्हनून."

"इथं तर सगळी जमीन लिहिलीय. विकायची, गहाण ठेवायची, बक्षीस द्यायची, सगळी मुभा."

मी मध्येच म्हणालो, "अहो, तशी पद्धतच असते."

"भाऊ, तुम्ही जरा बाहेर थांबा. मला आजींशी बोलू द्या."

मला राग आला. पोटचा मुलगा मी, चोर थोडाच! पंधरा मिनिटं मी रस्त्याच्या कडेला धुमसत उभा राहिलो. आत गेलो तर आई पदरानं डोळे पुसत होती.

"इहिरीचा तुकडा तुझ्या बहिनीला द्यायचाय," ती म्हणाली. "लई दिसांपासून मनात हाय. तुला सांगायचं भ्या वाटत हुतं."

माझी आई मला भीत होती. छापून आणलेला कागद मी घडी करून खिशात टाकला.

बाईंनी नवा मसुदा केला. फक्त माळाचा गट नंबर, फक्त विक्री आणि तीही आईनं मान्य केलेल्या किमतीच्या खाली नाही. पैसे थेट आईच्या खात्यात. सगळं तिला मोठ्यानं वाचून दाखवलं, मगच आत नोंदणीला पाठवलं. निघताना मला म्हणाल्या, "काम झालं की हा कागद रद्द करून घ्या. तेही नोंदवूनच. कपाटात पडून राहिला की कुणाच्या तरी हाती लागतो."

महिनाभरात गिऱ्हाईक आलं. त्याला पाण्यासाठी विहिरीचा तुकडाही हवा होता. "भाव वाढवून देतो. मुखत्यार तुम्हीच आहात, आजींना कशाला त्रास?" आकडा ऐकून माझं मन डगमगलं. सगळे अधिकार हातात असते, तर मी आईला विचारलं असतं का? छातीवर हात ठेवून 'हो' म्हणता येत नाही. पण कागदात तो गटच नव्हता. मी नाही म्हणालो. त्यानं नुसता माळ घेतला.

त्यानंतर आईनं मुखत्यारपत्र रद्द केलं आणि बहिणीच्या नावे बक्षीसपत्राला स्वतः अंगठा लावला. बहीण कचेरीच्या पायरीवर थांबून मला म्हणाली, "दादा, तुझ्या मनात काय न्हाई ना?"

"न्हाई," मी म्हणालो आणि ते खरं होतं. त्या बाईंनी माझी लाज राखली होती. गिऱ्हाइकाचं आणि माझ्या डगमगण्याचं ते सगळं मी बहिणीला घरी जाताना एसटीत सांगितलं, आई ऐकत होती तरी. विहिरीच्या तुकड्यात आता तिनं लिंबं लावलीत.