कंपनीच्या नारळावर माझं गाऱ्हाणं

चहा आधी संपवा बघू. मी पुढे जे सांगणार आहे ते ऐकून आमच्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला होता, आणि तो मुळात न हसणारा माणूस!

मी तोंडवलीतल्या एका रिसॉर्टच्या काउंटरवर बसतो. चाव्या देतो, खोल्या दाखवतो. मध्यंतरी ते पुण्याच्या एका कंपनीने घेतलं आणि नवे मॅनेजर आले. साहेब माणूस सज्जन, फक्त एक खोड. स्वतःच्याच केबिनमध्ये शिरताना दारावर जोरजोरात टकटक करायचे. आत कोणी नसताना! आम्ही म्हणायचो, पुण्याची शिस्त असेल.

तर या साहेबांनी एक दिवस फर्मान काढलं: सगळ्यांनी व्यक्तिमत्त्व चाचणी द्यायची. मोबाइलवर प्रश्न. एकटे असताना रडता का? लोक काय बोलतील याची काळजी वाटते का? सर्वांत जास्त भीती कशाची वाटते?

माझं डोकंच फिरलं! मी खोल्या दाखवतो म्हणून काळीजही उघडून दाखवू? थेट पानभर अर्ज लिहिला आणि साहेबांपुढे ठेवला.

"साहेब, हे खासगी आहे. माझ्या मनात काय आहे हे विचारायचा कंपनीला हक्क नाही."

"तुमचं बरोबर आहे हो. पण चाचणी सक्तीची आहे. या संमतीपत्रावर सही करा."

"सक्तीची आहे तर संमती कशाला?"

साहेबांनी जरा विचार केला. "तसा फॉरमॅट आलाय वरून."

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मला तत्त्वाची एवढी चाड नव्हती. भानगड वेगळीच होती. मी पाण्याला घाबरतो! समुद्राकाठी जन्मलो, मासे खाऊन वाढलो, पण पाणी गुडघ्याच्या वर आलं की माझी बोबडी वळते. हे फक्त बायकोला ठाऊक. गावात कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. म्हणून सही केली आणि चाचणीत ठोकून दिलं, "भीती? कशाचीही नाही!"

आणि इथेच फसलो. थोड्याच दिवसांत साहेब पेढे घेऊन काउंटरवर हजर.

"अभिनंदन! सगळ्या स्टाफमध्ये निर्भय तुम्ही एकटेच. बोटिंग आणि स्कूबा आता तुमच्याकडे. पहिली बुडी तुमचीच!"

घरी सांगितलं तर बायको पोट धरून हसायला लागली. "तुमी? अवो, पाण्याची टाकी धुवूक उतरताना माझो हात धरतास!"

"अगो, हसतंस काय? नाय म्हटलंय तर खोटेपणा कळतलो आणि नोकरी जातली!"

"मगे देवाक सांगा."

आणि मी गाढव, खरंच सांगायला गेलो.

हंगाम सुरू होण्याआधी रिसॉर्टचा नारळ ग्रामदैवत रवळनाथापुढे ठेवायचा असतो. सगळा स्टाफ जमतो. गावातले तात्या देवासमोर उभे राहून खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालतात, आणि त्यांच्या एकेका मागण्याला सगळे मिळून "व्हय म्हाराजा!" म्हणतात. मला वाटलं, वेगळा नारळ कशाला? कंपनीच्याच नारळावर आपलंही काम उरकून घेऊ. तात्यांच्या कानात सगळं सांगितलं आणि म्हटलं, "माझा तेवढा मनातल्या मनात सांगा हां."

"व्हय, व्हय," तात्या म्हणाले.

धंद्याला बरकत मागून झाली. व्हय म्हाराजा! बोटींचं रक्षण मागून झालं. व्हय म्हाराजा! मग तात्यांनी घसा खाकरला आणि माझ्याकडे मोठ्या मायेने पाहिलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझा लेकरू पाण्याक भियाता. कंपनीच्या परीक्षेत 'कशाक भियनंय नाय' म्हणान खोटा लिवल्यान. ता पदरात घे, आणि तेका समुद्रात बुडवूक निघालेल्या साहेबाची बुद्धी फिरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा? साहेबांचा! हात जोडलेले, डोळे मिटलेले. आपण कशाला होय म्हटलं हे त्यांच्या डोक्यात नंतर शिरलं. तोवर बोटीवरची पोरं देवळाचे खांब धरून हसत होती.

मी तात्यांना कोपऱ्यात गाठलं. "तात्यानू, मनातल्या मनात सांगा म्हटलेलंय ना?"

"मनातल्या मनात सांगूचा तर सोताचो नारळ आणूक व्हयो होतो!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. नोकरी गेली असं धरूनच मी केबिनमध्ये गेलो.

साहेब म्हणाले, "तुम्ही काउंटरवरच बसा. देवापुढे मीच होय म्हणून बसलोय, आता मागे कसा फिरू?"

मला रडूच आलं हो. "पण साहेब, मी खोटं लिहिलं..."

साहेबांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कशाचीही भीती नाही असं मीही लिहिलंय. मला पालींची भयंकर भीती वाटते. टकटक केलं की त्या पळतात. पण हे खासगी आहे हं, तुमच्याजवळच राहू द्या."

"निर्धास्त राहा साहेब!" मी छातीवर हात ठेवून म्हणालो. "खासगी गोष्टीची किंमत इथे माझ्याइतकी कोणाला आहे?"

आणि खरंच सांगतो, साहेबांची ती गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायको सोडून. आणि मेव्हणा. आणि... थांबा, थांबा! आत्ता तुमच्यासमोर मी काय बोललो?