दोनदाच सांगायचं

पूल बांधणाऱ्या त्या पलटणीत त्याला सगळे उस्ताद म्हणत. कागदावर तो हवालदार होता, पण हवालदार पलटणीत पंधरा होते आणि उस्ताद एकच. नदीत होड्या ओळीने उभ्या करायच्या, त्यांवर फळ्या टाकायच्या, तारेच्या दोरांनी सगळं दोन्ही काठांना जखडायचं आणि दोन तासांत भरलेला ट्रक पलीकडे न्यायचा, हे त्यांचं काम. उस्ताद दोरावर नुसता तळवा ठेवून ताण किती ते सांगायचा. नवीन जवान त्याची पाठ वळली की मापक लावून बघायचे आणि आकडा तोच निघाला की गुपचूप मापक पेटीत ठेवायचे. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण मुद्दाम दुसरीकडे बघत राहण्यात त्याला भारी मौज वाटे.

चौतिसाव्या वर्षी त्याच्यापुढे ती संधी आली. शिपायांतून वर आलेल्यांना पस्तिशीच्या आत अधिकारी होण्यासाठी परीक्षा देता येत असे. आधी लेखी, मग तीन दिवस निवड समितीपुढे, मग वर्षभर प्रशिक्षण आणि शेवटी खांद्यावर तारे. लेखी परीक्षा तो पहिल्या झटक्यात पास झाला. कुणालाच तसं वाटलं नव्हतं, त्याला स्वतःला तर नव्हतंच. पुढे जायला आता फक्त पलटणीच्या मोठ्या साहेबांची शिफारशीची सही हवी होती.

बायकोचे पाय तर जमिनीवर नव्हते. दीड खोलीच्या क्वार्टरात दोघी मुली जेवणाच्या पाटावरच वह्या मांडायच्या. "अहो, अधिकाऱ्यांच्या घरांना चार खोल्या असतात," ती म्हणाली. "मला बाकी काही नको. मुलींना एक दार लावून घेता येईल अशी खोली हवी."

पलटणीत मात्र वेगळाच सूर होता. उस्तादच्या हाताखाली एक नाईक होता, तोंडाचा पट्टा कधी थांबायचा नाही म्हणून सगळे त्याला बडबड्या म्हणत. दोर घासता घासता तो सगळ्यांसमोर म्हणाला, "उस्ताद, तुम्ही गेलात तर आमचं काय? नवे साहेब येणार, पुस्तक उघडणार आणि आम्हाला पाण्यात उतरवणार. तुम्ही मध्ये उभे असता म्हणून आम्ही कोरडे."

सगळे हसले. उस्ताद हसला नाही. त्याची छाती दोन इंच फुगली, आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं.

मोठ्या साहेबांनी त्याला खोलीत बोलावलं आणि चक्क खुर्चीवर बसवलं. हवालदाराला त्या खोलीत खुर्ची मिळाल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. "हे बघा," साहेब म्हणाले, "अधिकारी मला दर वर्षी मिळतात. येतात, दोन वर्षं राहतात, जातात. पलटण चालते ती तुमच्यासारख्यांवर. तुम्ही गेलात तर तुमच्या जागी मी कुणाला उभं करू, सांगा. पण अडवणार नाही. म्हणत असाल तर आत्ता सही करतो."

साहेबांनी पेनाचं टोपणसुद्धा काढलं होतं. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. हरभऱ्याच्या झाडावर चढवणं हे त्यांचं कामच होतं, चढायचं की नाही हे उस्तादच्या हातात होतं. तो उभा राहिला, कडक सलाम ठोकला आणि म्हणाला, "राहू द्या साहेब. मी पोरांबरोबरच बरा."

बाहेर आल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला वाटलं, ते त्यागाचं आहे. खरं सांगायचं तर ते सुटकेचं होतं.

कारण त्याने एक गोष्ट पाहून ठेवली होती. दोन वर्षांपूर्वी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये मोठं जेवण होतं आणि दाराशी पहाऱ्याला तो होता. शिपायांतून वर गेलेला एक कॅप्टन टेबलाच्या अगदी टोकाला बसला होता. कानशिलाजवळ पांढरे केस, आणि आजूबाजूला त्याच हुद्द्याची पंचविशीतली मुलं. दुसऱ्यांनी कुठला चमचा उचलला ते बघून मग तो आपला उचलत होता. एक विनोद झाला, सगळे हसले, त्यांच्यानंतर तो हसला. बाहेर पडताना त्याने उस्तादकडे बघितलं, काहीतरी बोलावंसं वाटलं असणार, पण अधिकारी पहारेकऱ्याशी काय बोलणार! आपलंही असंच होईल, हे उस्तादने तेव्हाच मनाशी धरलं होतं. नदीला न भिणारा हा गडी चमच्यांना भ्याला.

घरी त्याने सांगितलं, "पोरांना सोडून जाववत नाही."

बायको टॉवेलांच्या घड्या घालून ठेवत होती. तिने वर पाहिलं. "पोरांना सोडवत नाही, की तिकडे जायची भीती वाटते?"

"तुला यातलं काय कळतं?" तो ओरडला. एरवी तो घरात आवाज चढवत नसे. तिने पुन्हा कधी हा विषय काढला नाही. मुली त्या पाटावरच शिकल्या.

पुढच्या तेरा वर्षांत उस्ताद रीतसर चढत चढत सुभेदार झाला. आता तरुण अधिकारीही त्याला 'सुभेदारसाहेब' म्हणत, चहा आधी त्याला देत, आणि हुकूम मात्र त्यांचाच चाले. या कसरतीसाठी पलटणीत जुनी रीत होती. अधिकारी चुकतोय असं वाटलं तर सुभेदाराने दोनदा सांगायचं. पहिल्यांदा बाजूला घेऊन, दुसऱ्यांदा कारण देऊन. दोनदा सांगूनही हुकूम तोच राहिला की टाच जुळवायची, 'जी साहेब' म्हणायचं आणि तो हुकूम आपलाच असल्यासारखा पाळायचा. तिसऱ्यांदा बोलणं म्हणजे जवानांसमोर साहेबाची अब्रू काढणं. ही रीत कुठल्या पुस्तकात नव्हती. उस्तादने ती आपल्या सुभेदाराकडून घेतली आणि खालच्यांना शिकवली. इतक्या वर्षांत दुसऱ्या सांगण्याला प्रत्येक साहेबाने ऐकलंच होतं, त्यामुळे ही रीत म्हणजे मोठं शहाणपण आहे असं सगळेच धरून चालले होते.

मग तेवीस वर्षांचा एक लेफ्टनंट आला. मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं. मन लावून काम करायचा, जवानांची नावं आठवड्यात पाठ केली होती त्याने. फक्त घाई फार.

त्या दिवशी सराव बघायला वरून मोठे अधिकारी यायचे होते, अकराला. पूल साडेनऊला तयार झाला. उस्तादने पहाटे काठच्या खांबावर खडूने रेघ मारून ठेवली होती. दहाला पाहिलं तर पाणी रेघेच्या चार बोटं वर. वर कुठेतरी पाऊस झाला असणार. प्रवाहाच्या वरच्या अंगाला जो मुख्य दोर होता त्यावर त्याने तळवा ठेवला आणि लगेच काढला.

तो लेफ्टनंटला ट्रकच्या मागे घेऊन गेला. "साहेब, पाणी चढतंय. वरच्या बाजूला आणखी एक दोर टाकू. दीड तास लागेल."

लेफ्टनंटने घड्याळ पाहिलं. "दीड तास? ते अकराला येतायत, सुभेदारसाहेब. त्यांच्यापुढे आपण दोर बांधत बसायचं? एक ट्रक तर न्यायचाय."

"दोर एकटा आहे साहेब. रिकाम्या पुलावरच त्याला जड जातंय. भरलेला ट्रक मधोमध आला की सगळा भार त्याच्यावर येईल."

"मापक काय म्हणतंय?"

"मापक मर्यादेत आहे."

"मग झालं तर. ट्रक घ्या."

दोनदा सांगून झालं होतं. ट्रकच्या पलीकडे चाळीस जवान कान देऊन उभे होते. उस्तादच्या जिभेवर शब्द आले, अगदी दातांपर्यंत आले, आणि त्याने ते गिळले. टाच जुळली. "जी साहेब."

मग हुकूम आपलाच मानून त्याने जे करायचं ते केलं. त्या दोराच्या खुंटापाशी सगळ्यांत भरवशाचा माणूस हवा होता. त्याने बडबड्याला तिथे उभं केलं.

ट्रक मधल्या होडीवर आला तेव्हा दोर तुटला. आवाज फार मोठा झाला नाही. तुटलेलं टोक काठाकडे परतलं आणि बडबड्याचा उजवा पाय गुडघ्याखाली घेऊन गेलं. ट्रकचा ड्रायव्हर पोहत बाहेर आला. वरचे अधिकारी बरोबर अकराला पोचले.

चौकशी तीन दिवस चालली. लेफ्टनंट खरं तेच बोलला, काखा वर केल्या नाहीत. "सुभेदारसाहेब म्हणाले होते की दोर आणखी टाकू. मी नको म्हटलं. मग ते 'जी साहेब' म्हणाले आणि स्वतःच माणसं उभी करायला लागले. मला वाटलं, त्यांनाही पटलं." मग तो उस्तादकडे वळला. "त्यांनी आणखी एकदा सांगितलं असतं ना, तर मी थांबलो असतो. खरंच थांबलो असतो. इतक्या अनुभवी माणसाचं मी ऐकलं नसतं का?"

अध्यक्षांनी उस्तादकडे पाहिलं. "तुम्ही पुन्हा का नाही सांगितलंत?"

"आमच्यात दोनदाच सांगायची रीत आहे साहेब."

"हे लेफ्टनंटना माहीत होतं?"

ती रीत अधिकाऱ्यांना कुणी सांगतच नसे. ती त्यांच्यासाठी होती आणि त्यांनाच माहीत नव्हती. तेरा वर्षांत त्याच्या हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं. लेफ्टनंटला ताकीद मिळाली आणि दुसरीकडे बदली झाली. सुभेदाराचा दोष नाही, असं कागदावर स्पष्ट लिहून आलं. तो कागद त्याने दोनदा वाचला आणि त्याला स्वतःची किळस आली.

बडबड्याला भेटायला तो दुपारी दवाखान्यात गेला. लांबलचक खोली, दोन्हीकडे लोखंडी खाटा, फिनेलचा वास. बडबड्या औषधाने झोपला होता. चादर एका बाजूला सपाट होती, तिकडे बघायचं टाळून उस्ताद उशाशी उभा राहिला. बडबड्याची बायको स्टुलावर बसली होती. त्याला पाहून ती उठली, स्टूल त्याच्याकडे सरकवलं. तो बसला नाही.

"भाऊजी, एक विचारू का?" ती म्हणाली. "मला कुणी नीट सांगत नाही. तिथे सगळ्यांत जाणतं कोण होतं?"

"हुकूम लेफ्टनंटसाहेबांचा होता, वहिनी."

"हुकूम नाही विचारत. जाणतं कोण होतं?"

"मी."

"तुम्हाला कळलं होतं, दोर तुटेल म्हणून?"

तिला खोटं सांगायला हरकत नव्हती. चौकशी संपली होती, कागद त्याच्या बाजूने होता.

"कळलं होतं," तो म्हणाला.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. खरोखर काही न समजल्यासारखी ती त्याच्याकडे बघत राहिली. "हे घरी यायचे ना, तेव्हा सांगायचे, आमचे उस्ताद आमच्यासाठी मागे राहिले, नाहीतर केव्हाच मोठे साहेब झाले असते." तिने नवऱ्याच्या अंगावरची चादर उगाच सारखी केली. "मग भाऊजी, तुम्ही राहून केलंत काय?"