मामांची नखं आणि आफ्रिका

समुद्राच्या तळाची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला! मालवणात बाकीचे लोक समुद्राकडे मासळीसाठी बघतात. मामा बघतात ते तळाशी दडलेल्या ज्वालामुखींच्या डोंगररांगेसाठी. आपण आणि आफ्रिका यांच्या मधोमध तळ चिरतो, चिरेतून लाव्हा वर येतो, पाण्यात थिजून नवी जमीन होते आणि जुनी दोन्हीकडे सरकते. हे सांगताना मामांचा चेहरा असा फुलतो, जणू ते बाळंतपण यांनीच केलं असावं. मामा संशोधनाच्या जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. तिथल्या शास्त्रज्ञांनी तळावरून खरवडून काढलेल्या दगडांतला एक काळा, एका बाजूने काचेसारखा चकाकणारा तुकडा त्यांना भेट दिला, आणि तेव्हापासून हा गृहस्थ जमिनीवर आलाच नाही.

सासुरवाडीची पहिली पेज मला गार खावी लागली, ती यांच्यामुळेच. "जावयबापू, खाव नकात, बघा! धग मधसून वर येता, साय दोनीकडे सरता. मधी नवी साय धरता ती नवी जमीन!" असं म्हणत त्यांनी माझ्याच वाडग्यात चमचा घालून दोन खंड वेगळे केले. एकदा मामींनी तो काळा दगड लोणच्याच्या बरणीत वजन म्हणून ठेवला. मामा कळवळले, "अगो, धरतीची नवी कातडी ती!" मामी शांतपणे म्हणाल्या, "आसांदे. जड आसा मा?" लोणचं मुरेपर्यंत दगड बरणीतच राहिला.

पण खरा सोहळा रविवारचा. महासागर नखं वाढतात त्याच वेगाने रुंदावतो, असं त्यांना कुणातरी शास्त्रज्ञाने सांगितलेलं. त्यामुळे मामा ओटीवर बसून नखं कापत, तुकडा उन्हात धरत आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडत, "आफ्रिका इतकी लांब गेली रे!" आम्ही हसून लोळायचो. सगळ्यांत जास्त हसायची त्यांची एकुलती एक मुलगी.

गेल्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा मोंबासाला नोकरीला. म्हणजे आफ्रिकेत, डोंगररांगेच्या पलीकडच्या अंगाला! तो जोडा सुखाचा होता, मामांनीही आनंदाने होकार दिला. पण त्यानंतर ती निघेपर्यंत एकाही रविवारी ते ओटीवर दिसले नाहीत.

ती निघाली त्या दिवशी कुडाळला गाडी पकडायची होती. घरचे वडीलधारे म्हणून देवाला गाऱ्हाणं मामांनीच घालायचं. नारळ हातात घेऊन त्यांनी खणखणीत सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! आज ह्या माझा चेडू दर्यापार चल्ला, तेका सुखरूप ने रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो.

"तेच्या वाटेत काय इडापिडा आसात, ती दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मग मामा अडले. नारळ घट्ट धरून हळूच म्हणाले, "आनी दर्याच्या पोटातल्या त्या डोंगराक सांग, जरा सबुरीन घे. माका आता घाई नाय रे म्हाराजा."

या वेळी 'होय म्हाराजा' तिनेच म्हटलं, एकटीने.

मामा आता पुन्हा रविवारी ओटीवर नखं कापतात. फक्त ओरडत नाहीत. तुकडा उन्हात धरून एकदा बघतात आणि तुळशीपल्याड टाकून देतात.